डायलवालं सोल्डरिंग स्टेशन, पंप आणि विक : माशेलच्या हवेत एक पावसाळा काढल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. ऑनलाइन ‘सोल्डरिंग स्टेशन कॉम्बो’ या नावाने जो खोका मिळतो, त्यातलं स्टेशन घेण्यासारखं आहे, पंप (वितळलेलं सोल्डर, म्हणजे जोडाचं कथील-शिसं, ओढून काढणारा) सांभाळून घेण्यासारखा आहे, विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची पट्टी) फेकण्यासारखी आहे आणि जोडाला लावायच्या पेस्टची डबी तर उघडूही नये. घरपोच धरून मला तो अडीच हजारांच्या आत पडला. खोक्यावर कुठल्याच कंपनीचं धड नाव नाही, त्यामुळे मीही कुणाचं घेत नाही. ६० वॅटचं, २०० ते ४८० अंशांचा गोल डायल असलेलं, निळ्या-पिवळ्या हँडलचं हे स्टेशन दहा वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं आणि आतून सगळी भावंडंच असतात. मूळ घराणं जपानच्या हक्को कंपनीच्या ९३६ या मॉडेलचं. हक्कोने ते बनवणं कधीच थांबवलं, नकला मात्र थांबल्या नाहीत.

आता मी कोण, तेही सांगायला हवं, कारण सोल्डरिंगचं सामान कुणाच्या हातात चांगलं ठरतं हे कामावर अवलंबून असतं. मी गोव्यात, माशेलच्या बाजूला एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. रेडिओ-अँप्लिफायर उघडून बसायची खोड लहानपणापासूनची. गावात एकदा का ‘बाई सोल्डर करतात’ अशी बातमी पसरली की मग दारात काय काय येतं ते विचारू नका. भजनी मंडळाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, देवळातल्या माइकचा अँप्लिफायर, वीज पडल्यावर मुका झालेला सेट-टॉप बॉक्स, कुणाच्या आजोबांचा ट्रान्झिस्टर. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा महिना पूर्णपणे देखाव्यांचा. माशेल, खांडोळा, कुंभारजुवे या पट्ट्यात चवथीला हलते देखावे पाहायला लोक लांबून येतात. राक्षसाचा हात वर-खाली होणं, नदीत दिवे पळणं, हे सगळं शेवटी मोटर, रिले (विजेने चालू-बंद होणारं बटण) आणि एका कंट्रोलर बोर्डावर येऊन थांबतं. तो बोर्ड नेमका चतुर्थीच्या आदल्या रात्री जातो.

या कामात नवा जोड लावण्यापेक्षा जुना काढणं जास्त. नवं सर्किट करणारा माणूस स्वच्छ बोर्डावर, चकचकीत पॅडवर (भागाचा पाय जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यावर) सोल्डर लावतो. ते साध्या पंचवीस वॅटच्या आयर्ननेही, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या तापत्या कांडीनेही, होतं. दुरुस्तीवाल्याच्या वाट्याला काळा पडलेला, मेकॅनिकच्या तीन पिढ्यांनी डागलेला, खारट हवेने हिरवा झालेला जोड येतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर मांडवी आणि कुंभारजुव्याच्या कालव्याचं खारं पाणी हाकेच्या अंतरावर. मिठाचा अगदी बारीक थर बोर्डावर बसला की तो हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि तांबं खायला लागतो. त्यामुळे कुठल्याही सामानाची माझी परीक्षा एकच : हे सोल्डर काढताना कसं वागतं?

स्टेशनचं सांगते. साधं आयर्न थेट २३० व्होल्टवर चालतं आणि त्याला आपण किती तापलोय हे कळत नाही. स्टँडवर रिकामं पडलं की ते तापतच जातं, बिट (जोडाला टेकणारं टोक) काळं होतं. आणि जाड पट्टीवर टेकवलं की गार पडतं. स्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट करून देतो, हीटरजवळ सेन्सर बसलेला असतो, आणि तापमान खाली गेलं की सर्किट पुन्हा जोर लावतं. लाल दिवा सलग पेटलेला असला की तापतंय, लुकलुकायला लागला की तापलं. मिनिटाभरात तयार होतं. महागड्या स्टेशनांत, जिथे हीटर आणि सेन्सर बिटाच्या आतच असतात, तिथे हेच काही सेकंदांत होतं; पण माझी तेवढी घाई नसते.

डायलवरच्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको. माझ्या मल्टिमीटरला तापमान मोजायचा प्रोब आहे. बिटावर सोल्डरचा जरा मोठा थेंब ठेवून त्यात प्रोबचं टोक बुडवलं, तेव्हा डायलवर ३५० असताना प्रत्यक्षात जवळजवळ तीस अंश कमी भरले. डायलजवळ ‘कॅल’ लिहिलेलं छोटं भोक आहे, त्यातल्या स्क्रूला बारीक पेचकसाने किंचित फिरवलं आणि जुळलं. ज्यांच्याकडे प्रोब नाही त्यांनी आकडा विसरून सोल्डरकडे बघावं. दीड-दोन सेकंदांत जोड वितळून पॅडवर सरळ पसरला तर तापमान योग्य. सोल्डरच्या तारेत भरलेल्या राळेचा धूर फस्सकन उडून लगेच करपट वास आला तर जास्त.

खोका आल्यावर करायचं पहिलं काम मात्र वेगळं. प्लग सॉकेटमध्ये न लावता मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक पिन बिटावर आणि दुसरी प्लगच्या जाड अर्थ पिनेवर. बीप यायलाच हवा. माझ्या स्टेशनमध्ये आला नाही. खालचे चार स्क्रू काढले तर अर्थची तार ट्रान्सफॉर्मरच्या ज्या पट्टीला बांधली होती, त्या पट्टीवर रंगाचा थर तसाच. रंग खरवडला, स्टार वॉशर घातला, बीप आला. विकणाऱ्याला फोटोसकट कळवलं, त्यावर ‘आमचं प्रॉडक्ट टेस्ट करूनच पाठवतो’ असं उत्तर आलं. ज्यांना आत हात घालायचा नाही त्यांनी बीप आला नाही तर सरळ परत पाठवावं. अर्थ नसलेल्या बिटावर येणारी विजेची गळती आयसी (बोर्डावरची चिप) मारू शकते, आणि गोव्याच्या ओल्या फरशीवर अनवाणी काम करणाऱ्यालाही ती सोडणार नाही.

सोबत आलेलं बिट सुईसारखं टोकदार असतं. फोटोत छान दिसतं, कामाला जवळजवळ निरुपयोगी. उष्णता जाते ती टेकलेल्या पृष्ठभागातून, आणि सुईचं टोक टेकतं कितीसं! लोक मग डायल ४५० वर नेतात आणि बिट जाळतात. ९०० एम या मालिकेची बिटं या हँडलला बसतात. त्यातलं २.४ मिलिमीटरचं छिन्नीसारखं आणि ‘के’ म्हणजे सुरीच्या पात्यासारखं, ही दोन वेगळी मागवा. माझं नव्वद टक्के काम छिन्नीवर होतं. सुरीचं बिट आयसीच्या पायांच्या रांगेला आणि विकला.

जुने मेकॅनिक काळं बिट कानशीने घासतात. तांब्याच्या जुन्या बिटांना ते चालायचं. आताच्या बिटात आत तांबं आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, कारण वितळलेलं कथील तांब्याला विरघळवून खातं. कानस फिरवली की मुलामा गेला आणि थोड्याच दिवसांत बिटाला खड्डा. पितळेच्या चोथ्याने पुसा, आणि बंद करण्याआधी सोल्डरचा थेंब लावून ठेवा. अगदीच काळं झालं तर कल्हईवाल्याचा नवसागर इथेही चालतो : गरम बिट खड्यावर क्षणभर फिरवायचं, लगेच नवं सोल्डर लावायचं. धूर वाईट असतो, खिडकी उघडी हवी, आणि नवसागर बोर्डाच्या जवळपासही येऊ द्यायचा नाही.

आता पंप, म्हणजे सकर. इथे जरा थांबते, कारण खोक्यातल्या सगळ्या वस्तूंमध्ये लोक सर्वांत जास्त शिव्या यालाच घालतात आणि निम्म्या शिव्या चुकीच्या असतात.

गेल्या चवथीच्या आधी एका देखाव्याचा बोर्ड आला. त्यातला यूएलएन २००३ जळला होता. सात मोटर-रिले चालवणारा हा सोळा पायांचा आयसी आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक देखाव्यांमध्ये असतो. बोर्ड घेऊन आलेला मुलगा माझा जुना विद्यार्थी, आता फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. त्याने एक पाय तापवला, पंप ओढला, निम्मं सोल्डर गेलं, निम्मं भोकात राहिलं. पुन्हा तापवलं. काही नाही.

“बाई, अजून तापवू?”

“तापवू नकोस रे. सोल्डर घाल.”

“काढायचंय ना?”

“म्हणूनच घाल.”

जुन्या, कोरड्या, काळ्या जोडात उष्णता शिरत नाही. वरच्या ऑक्साइडच्या थराखाली सोल्डर अर्धवट घट्टच राहतं. नवं सोल्डर घातलं की त्यातली राळ तो थर फोडते, थेंब मोठा होतो, आणि सगळं एकदम पाण्यासारखं चकाकतं. तो चकाकण्याचा क्षण हवा. बिट पॅड आणि पाय या दोघांनाही टेकलेलं, पंपाचं नाक दुसऱ्या बाजूने तिरकं आणि जवळजवळ टेकलेलं. चकाकी दिसली की बिट न हलवता बटण. ‘टक्’ झालं की चिमट्याने पाय हलवून बघायचा. हलला तर सुटला. भोकाच्या भिंतीला चिकटून असेल तर बिटाने जरा बाजूला ढकलायचा. एका पॅडवर तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नको. नाही झालं तर दुसऱ्या पायाकडे जायचं, पहिल्याला गार होऊ द्यायचं आणि पुन्हा नवं सोल्डर.

आठवा पाय सुटेना. यूएलएन २००३ मध्ये आठवा पाय ग्राउंड (वीज परत जायची वाट), आणि बोर्डावर ग्राउंडची तांब्याची पट्टी रुंद असते, ती सगळी उष्णता ओढून घेते. तिथे डायल ३८० वर नेला, सुरीचं बिट लावलं, आणि काम झाल्यावर डायल पुन्हा खाली. साध्या पंचवीस वॅटच्या आयर्नने इथे प्रिंट (बोर्डावर चिकटलेली तांब्याची रेघ) उचकटण्यापलीकडे काही झालं नसतं. या स्टेशनचे पैसे मला त्या एका पायावर वसूल झाले असं म्हटलं तरी चालेल.

खरं तर तो आयसी मेलेलाच होता, त्यामुळे सोपा रस्ताही होता : बारीक कटरने सगळे पाय अंगालगत कापायचे, धड उचलून टाकायचं, मग एकेक पाय तापवून चिमट्याने ओढायचा आणि शेवटी भोकं साफ करायची. आयसी दहा-वीस रुपयांचा, बोर्ड मिळत नाही. अशा वेळी आयसी वाचवायच्या नादात प्रिंट घालवू नये. मुलाला दोन्ही पद्धती हाताने करून बघायच्या होत्या, म्हणून अर्धे पाय पंपाने आणि अर्धे कापून काढले. नव्या आयसीसाठी आधी सॉकेट बसवलं. पुढच्या वेळी दाराशी आला तर निदान आयर्न तापवायला लागणार नाही.

खोक्यातल्या पंपाची तक्रार अशी की नाक टेफ्लॉनचं असल्याचं जाहिरातीत लिहिलंय आणि ते टेफ्लॉन नाही. टेफ्लॉन सोल्डरच्या उष्णतेला दाद देत नाही. या नाकाचं तोंड लवकरच वेडंवाकडं झालं. स्प्रिंग मात्र जोरदार आहे, इतकी की बटण दाबताच पंप उडी मारतो आणि नाक पॅडवर आदळतं. मऊ झालेली प्रिंट त्या दणक्यानेही उचकटते. यावर इलाज स्वस्त आहे. उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या नळीचा पाऊण सेंटिमीटरचा तुकडा नाकावर चढवला की दणका नळी झेलते, आणि नळी पॅडवर दाबून बसवता येत असल्यामुळे हवाही बाहेरून शिरत नाही. ओढण्याची ताकद दुप्पट झाल्यासारखी वाटते. दर काही दिवसांनी पंप उघडून आतला सोल्डरचा भुगा कचऱ्यात न उडवता डबीत जमा करायचा, आतली रबरी रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं. पंप ‘मेला’ म्हणून जे आणून दाखवतात, त्यातल्या बहुतेकांची रिंगच कोरडी असते. नंतर मी फोंड्याहून धातूचा एक पंप आणला, तो या सगळ्यात वरचढ आहे. पण शिकायला खोक्यातला पुरतो.

विक ही तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी. राळेत भिजवलेली असते, आणि वितळलेलं सोल्डर केशाकर्षणाने तिच्यात शिरतं. खोक्यातली विक आली तेव्हाच तपकिरी होती. चांगली विक नव्या तांब्याच्या रंगाची असते. आमच्या हवेत तर चांगली विकही दोन-तीन पावसाळी आठवड्यांत मंद होते : तांब्यावर ऑक्साइड चढलं की सोल्डर त्याला शिवत नाही, आणि आपण वरून आयर्न दाबत बसतो, खाली बोर्ड करपतो. लोकांना वाटतं विक वाईट आहे. खरं तर ती शिळी असते.

मी काय करते ते सांगते. विक झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यातून निघालेली सिलिका जेलची पुडी. वापरण्याआधी टोकाचे दोन सेंटिमीटर घरच्या फ्लक्समध्ये (ऑक्साइडचा थर फोडणाऱ्या द्रवात) बुडवते. घरचा फ्लक्स म्हणजे कुटलेली राळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये विरघळवून काचेच्या बाटलीत. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी बरंच असतं. या फ्लक्समध्ये बुडवल्यावर खोक्यातली तपकिरी विकसुद्धा बऱ्यापैकी कामाला आली, पण ज्याला हा उद्योग करायचा नाही त्याने ती टाकून दुसरी घ्यावी. दोन ते अडीच मिलिमीटर रुंदीची एक असली की बहुतेक कामं भागतात.

विक वापरताना हात घाई करतो, तो आवरायचा. विक जोडावर, तिच्यावर रुंद बिट, आणि थांबायचं. घासायचं नाही. सोल्डर विकमध्ये चढताना दिसतं, तांब्याचा रंग बदलून रुपेरी होत जातो. रुपेरी भाग बिटापर्यंत आला की विक जराशी सरकवायची. उचलताना बिट आणि विक एकत्र उचलायचे. आधी बिट उचललं तर विक जागीच गोठते, आणि मग ओढली की प्रिंटही सोबत येते. भजनी मंडळाच्या तानपुऱ्याचा पॉवर जॅक असाच कुणीतरी आधी काढलेला होता. पॅडच्या जागी नुसती हिरवी पाटी. तबलजीकाका म्हणाले, “बाये, इल्ले पळय गो, उद्यां एकादस.” (जरा बघ गं, उद्या एकादशी.) पातळ तार खालून पुढच्या जोडापर्यंत नेऊन प्रिंट नव्याने ओढली. जॅकच्या पायांभोवती दिसणारी केसाएवढी गोल चीर, ज्याला आपण ड्राय सोल्डर म्हणतो, ती या तानपुऱ्यांमध्ये नेहमीची. प्लग ओढून-ओढून जोड तडकतो. भिंगातून बघा, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

सोल्डरच्या तारेचं खोक्यात काही खास नाही, दोन मीटरची नमुन्याची गुंडाळी. ६३/३७ किंवा ६०/४० ची, २२ गेजची म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटरची, राळेचा गाभा असलेली तार वेगळी घ्या. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं हे मिश्रण १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधली लगद्याची अवस्था नसते, त्यामुळे हात हलून जोड बिघडण्याची शक्यता कमी. बिनशिशाचं, म्हणजे कथील-चांदी-तांब्याचं नेहमीचं सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं. १ जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध आणले, तेव्हापासूनच्या कारखान्यातल्या बहुतेक बोर्डांवर हेच. म्हणून आजोबांचा ट्रान्झिस्टर लोण्यासारखा उकलतो आणि नवा सेट-टॉप बॉक्स दात दाखवतो. तिथेही तोच उपाय : प्रत्येक पायावर आपलं शिशाचं सोल्डर घालायचं, मिश्रण लवकर वितळतं, मग पंप.

सेट-टॉप बॉक्स किंवा कुठल्याही थेट विजेवरच्या वस्तूबद्दल एक गोष्ट सोडून चालणार नाही. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. आधी मीटरने मोजा, रेझिस्टरमधून उतरवा, पुन्हा मोजा, मग आयर्न उचला. पेचकसाने ठिणगी पाडून दाखवणारे शूर आमच्याकडेही आहेत.

पेस्टच्या डबीची गंमत राहिलीच. लेबल नाही, वास आंबट. घासून चकचकीत केलेल्या तांब्याच्या तारेवर थोडी लावून रात्रभर ठेवली, सकाळी तारेवर हिरवा थर. म्हणजे त्यात आम्ल आहे. पत्र्याच्या पिंपाला जोड द्यायला ठीक असेल, पण बोर्डावर लावली तर आज जोड सुंदर दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यात ती जागा माझ्याकडेच दुरुस्तीला येईल. राळेचा फ्लक्स वापरला तरी काम झाल्यावर अल्कोहोल आणि जुन्या ब्रशने पुसून घ्या; आपल्याकडे चिकट बोर्डावर धूळ आणि मीठ फार लवकर बसतं. माझ्या हातून जाणाऱ्या देखाव्यांच्या बोर्डांना मी शेवटी पारदर्शक संरक्षक लॅकरचा हात मारते, कनेक्टर तेवढे झाकून.

बारीक सरफेस माउंट भागांसाठी, म्हणजे भोकात पाय न घालता बोर्डाच्या वरच जोडलेल्या भागांसाठी, हे स्टेशन नाही. दोन-तीन पायांचे भाग सुरीच्या बिटाने निघतात. चौफेर पायांचा आयसी काढायचा तर गरम हवेचं यंत्र हवं, किंवा बिस्मथ मिसळलेलं कमी तापमानाचं सोल्डर. ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथिलाचं मिश्रण १३८ अंशांना वितळतं. ते सगळ्या पायांवर पसरलं की बराच वेळ पातळ राहतं आणि आयसी अलगद सरकतो. पण नंतर ते विकने शेवटच्या कणापर्यंत काढायचं. शिसं आणि बिस्मथ एकत्र राहिले तर जोड उकळत्या पाण्याच्या आतबाहेरच्या तापमानाला मऊ पडू शकतो, आणि उन्हात तापलेल्या मंडपातल्या अँप्लिफायरला तसा जोड नको.

धुराबद्दल. सोल्डर करताना दिसणारा धूर राळेचा असतो, शिशाचा नव्हे. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. पण राळेच्या धुराने दमा बळावतो, हे पक्कं माहीत आहे. टेबलावर छोटा पंखा बाजूला तोंड करून ठेवा, धूर ओढून नेईल असा. छताचा पंखा बंद, तो जोडच गार करतो. शिसं पोटात जातं ते हातावाटे. माझ्या टेबलावर चहा येत नाही, आणि मुलांनी चष्मा घातल्याशिवाय कटर हातात घ्यायचा नाही. कापलेला पाय कुठे उडेल याचा नेम नसतो.

कुणी घ्यावं? वर्षातून एकदा चवथीची माळ जोडायची असेल तर पंचवीस वॅटचं साधं आयर्न आणि धातूचा पंप पुष्कळ झाला, हजाराच्या आत सगळं येतं. लॅपटॉपच्या टाइप-सी चार्जरवर चालणारी छोटी आयर्नं आता मिळतात. ती झटपट तापतात, पिशवीत मावतात, आणि मंडपात जाऊन काम करणाऱ्याला या वजनदार खोक्यापेक्षा बरी. माझ्यासारखं घरच्या टेबलावर, जुन्या बोर्डांशी झगडायचं असेल तर हे स्टेशन घ्या. एक उणीव आणखी : चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर घुरघुरतो आणि गरम होतो. वीज गेली की मी काम थांबवते, आणि पावसाळ्यात ती जातेच.

स्टेशनला पाचपैकी चार, अर्थचा एक कापला. पंपाला अडीच, त्यातला अर्धा सिलिकॉनच्या नळीचा. विकला एक, पेस्टला शून्य. मागवताना सोबत २.४ ची छिन्नी, ‘के’ बिट आणि एक जादा हीटर एकाच ऑर्डरमध्ये टाका. हीटर वेगळा मागवला तर वस्तू स्वस्त आणि डिलिव्हरी महाग पडते. हीटरचे दोन प्रकार असतात, सिरॅमिकचा आणि साध्या तारेचा, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्यामुळे आपलं हँडल उघडून आत कुठला आहे ते बघा, फोटो काढा, आणि मगच मागवा.